हट्ट नेमका कशाचा धरायचा?

तरुण उद्योजक, त्यांचं वेगळं सुचणं आणि त्यांचा ध्यास या विषयावर वाचकांनी भरभरून लिहिलं. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यातले आठ इथे घेतले आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : माझं वय ४६. विशी-पंचविशीतल्या मुलांच्या कंपन्यांच्या बातम्या वाचल्या की वाटतं, आपली वेळ निघून गेली. या वयात त्यांच्याकडून शिकून करायचं काय?

वेळ निघून गेलेली नाही. अमेरिकेतल्या जनगणना विभागाच्या नोंदी वापरून केलेला एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. सर्वांत वेगाने वाढलेल्या, हजारात एक म्हणता येतील अशा कंपन्या त्यात पाहिल्या, तेव्हा कंपनी सुरू करताना संस्थापकांचं सरासरी वय ४५ निघालं. त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्यांना यश मिळण्याची शक्यताही जास्त दिसली. म्हणजे तुमचा अनुभव ही जमेची बाजू आहे.

तरुणांकडून शिकायची ती त्यांची काम करण्याची रीत. ती त्यांनी हौसेने निवडलेली नसते, परिस्थितीने गळ्यात पडलेली असते. हातात पैसा नसतो, नावावर पत नसते, त्यामुळे छोटा आणि स्वस्त प्रयोग करण्यावाचून गत्यंतर नसतं. अनुभवी माणूस नेमका इथे अडकतो. बचत असते, ओळखी असतात, म्हणून आधी जागा घेतली जाते, मग यंत्रं येतात, मग माणसं, आणि ग्राहकाचा नंबर सर्वांत शेवटी लागतो.

निक स्विनमर्न या सव्वीस वर्षांच्या तरुणाने १९९९ मध्ये काय केलं ते पाहा. लोक पायात घालून न पाहता इंटरनेटवरून बूट घेतील का, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्याने माल भरला नाही. दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले आणि ते संकेतस्थळावर टाकले. मागणी आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला जोड विकत घ्यायचा आणि ग्राहकाला पाठवून द्यायचा. अशा विक्रीत नफा उरत नाही, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पुढे त्यातूनच झॅपोस ही कंपनी उभी राहिली.

तुम्ही ही तंगी स्वतःवर मुद्दाम लादून घ्या. सहा आठवडे, आठवड्याला आठ तास, आणि गेले तरी घरखर्चाला झळ लागणार नाही एवढेच पैसे. जागा भाड्याने घ्यायची नाही, कुणाला नोकरीवर ठेवायचं नाही. पहिले दोन आठवडे लोकांशी बोलण्यात, पुढचे दोन कच्चा नमुना करण्यात, शेवटचे दोन तो नमुना प्रत्यक्ष विकण्यात घालवा. शेवटचे दोन आठवडे ‘नमुना अजून नीट झालेला नाही’ म्हणून पुढे ढकलावेसे वाटतील. तिथे ढिलाई केली तर सहा आठवडे फुकट गेले असं समजा.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे. सगळे सांगतात, ‘आपली आवड शोध.’ मला कशाचंच एवढं वेड नाही. म्हणजे उद्योग माझ्यासाठी नाही का?

आवड कुठेतरी तयार होऊन आपली वाट पाहत असते, हा समजच घातक आहे. २०१८ मध्ये पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केले. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरची रंजक चित्रफीत दाखवली आणि नंतर त्याच विषयावरचा अवघड लेख वाचायला दिला. आवड ही जन्मजात असते असं मानणाऱ्यांचा रस अवघड भाग येताच जास्त ओसरला. आवड वाढवता येते असं मानणारे त्या मानाने टिकून राहिले. कारण उघड आहे. खरी आवड असती तर अवघड गेलंच नसतं, असं पहिल्या गटाला वाटतं.

मेलनी पर्किन्स ऑस्ट्रेलियात विद्यापीठात शिकताना इतर विद्यार्थ्यांना डिझाइनची सॉफ्टवेअर शिकवायची. कुठलं बटण कुठे आहे एवढं कळण्यातच मुलांचे महिने जातात, हे तिच्या डोळ्यांसमोर रोज घडत होतं. २००७ मध्ये तिने आणि क्लिफ ओब्रेक्टने सुरुवात केली ती फक्त शाळांच्या वार्षिकांकांपासून. शिक्षक आणि मुलांना सहज जमेल असं पान लावण्याचं साधन त्यांनी दिलं. कुणालाही डिझाइन करता येईल असं कॅनव्हा हे त्यांचं पुढचं साधन बाजारात आलं २०१३ मध्ये, आणि मधल्या काळात शंभराहून जास्त गुंतवणूकदारांनी नकार दिला होता. सुरुवातीला होती ती रोज समोर दिसणारी एक अडचण. काम करत गेल्यावर तिच्याबद्दलची ओढ वाढत गेली.

तुम्ही तीस दिवस एक वही ठेवा. रोज एकच ओळ लिहायची : कोण, कुठलं काम करताना, कशामुळे अडलं, आणि त्याने त्यावर काय जुगाड केला. ‘लोकांना वेळ नसतो’ असली मोघम ओळ बाद. ‘प्रयोगशाळेतल्या ताईंनी बाटल्यांवरची चिठ्ठी पुसली जाते म्हणून वर सेलोटेप लावला, तोही दोन धुण्यांत सुटला’ ही चालेल. महिन्याच्या शेवटी ज्या अडचणी तीनदा किंवा जास्त वेळा आल्या असतील त्यांना खूण करा आणि त्यातल्या एकीवर वीस तास घालवा. वीस तासांनंतरही तुम्हाला त्याबद्दल नवे प्रश्न पडत असतील, तर तीच अडचण धरून राहा आणि खोलात जा.

प्रश्न : जे सुचतं ते आधीच कुणीतरी केलेलं असतं. अगदी नवी कल्पना आणायची कुठून?

अगदी नव्याच्या मागे लागू नका. आहे त्यातलं काय काढून टाकता येईल ते बघा. केव्हिन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर यांच्याकडे बर्बन नावाचं ॲप होतं. आपण कुठे आहोत ते कळवणं, बेत आखणं, फोटो टाकणं, सगळं त्यात होतं. लोक मात्र मुख्यतः फोटोंसाठी ते उघडत होते. दोघांनी बाकीचं जवळजवळ सगळं काढलं आणि ६ ऑक्टोबर २०१० रोजी ते इन्स्टाग्राम या नावाने आणलं. पहिल्याच दिवशी सुमारे २५,००० लोकांनी ते घेतलं. तेव्हा फोटोंची इतर ॲप्सही बाजारात होती.

कुणीतरी आधी केलंय हे कळलं तर त्यांच्या ग्राहकांच्या तक्रारी वाचा. दोन आणि तीन तारे दिलेले अभिप्राय सर्वांत उपयोगाचे. एक तारा देणारा बहुधा संतापलेला असतो. तीन देणाऱ्याला वस्तू हवी असते, फक्त कुठेतरी अडत असतं, आणि नेमकं कुठे ते तो लिहून ठेवतो.

प्रश्न : स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रकार, अनुवादक वगैरेंची थकलेली बिलं वसूल व्हावीत म्हणून आम्ही दोघांनी ॲप बनवलं. आधी ३२ जणांना विचारलं होतं, सगळे म्हणाले, ‘छान कल्पना आहे, नक्की वापरू.’ पाच महिने खपून ॲप केलं. आज वापरणारे दोन. चुकलं कुठे?

विचारण्यातच चुकलं. ‘असं ॲप असेल तर वापराल का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला काहीच लागत नाही. समोर उत्साहाने बोलणारा तरुण असेल तर ‘नाही’ म्हणणं लोकांना जिवावर येतं. त्यामुळे ३२ होकारांचं मोल जवळजवळ शून्य होतं. ही चूक इतकी सर्रास होते की आमच्याकडे आलेल्या पत्रांत ती वेगवेगळ्या रूपांत दिसते.

आता पंधरा नवे लोक निवडा. त्यात मित्र आणि नातेवाईक नकोत. प्रत्येकाशी अर्धा तास बोला आणि पहिली वीस मिनिटं ॲपचा उल्लेखही करू नका. प्रश्न घडून गेलेल्या गोष्टींबद्दलच विचारायचे :

‘उशिरा मिळालेलं शेवटचं बिल कोणतं? किती दिवस थकलं होतं?’
‘त्या दिवसांत तुम्ही काय-काय केलंत? पहिला निरोप कधी पाठवला? त्यात शब्द काय होते?’
‘कुठलं बिल थकलंय हे तुम्हाला कसं कळतं? ते आता उघडून दाखवता का?’
‘यावर आजवर पैसे किंवा वेळ खर्च केलाय का?’

तिसरा प्रश्न विसरू नका. माणूस लॅपटॉप उघडतो, बिलांचा तक्ता दाखवतो, आणि तुम्हाला दिसतं की थकलेल्या ओळी त्याने लाल केल्या आहेत, त्यातल्या चार ओळी दोन-दोन महिने लालच आहेत, शेजारी लिहिलंय : ‘पुढच्या कामाचं बोलणं झालं की विचारू.’ म्हणजे कुठलं बिल थकलंय हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याला अडवतो तो संकोच. पैसे मागितले तर पुढचं काम जाईल ही भीती आहे. तुमचं ॲप जर त्याला आठवण करून देत असेल, तर ज्याचा विसर पडलेलाच नाही त्याची आठवण ते करून देतंय. त्याला हवा असेल तो कदाचित तिऱ्हाइताच्या नावाने जाणारा सभ्य निरोप. हे पंधराही जणांच्या बाबतीत खरं असेल असं नाही, पण हे फक्त पडद्याकडे बघूनच कळतं, प्रश्नावलीतून कळत नाही.

बोलणं संपल्यावर त्याच दिवशी गुण द्या. स्तुती केली, शून्य. पुन्हा भेटायला वेळ दिला, एक. आणखी दोघांशी ओळख करून दिली, दोन. पैसे आगाऊ दिले, तीन. पंधरापैकी किमान पाच जणांनी तुम्ही न सुचवता हीच अडचण काढली आणि एकूण गुण वीसच्या वर गेले, तर पुढे जाण्यात अर्थ आहे. हे आकडे शास्त्र नव्हे, फक्त स्वतःला फसवायला जागा राहू नये म्हणून आखलेली रेघ आहे.

त्यानंतरही लगेच ॲपला हात लावू नका. पाच जणांसाठी चार आठवडे हेच काम हाताने करा. त्यांची थकलेली बिलं घ्या, निरोप तुम्ही लिहा, तुम्ही पाठवा, आणि थोडे का होईना पैसे घ्या. पाचव्या आठवड्यात तुम्ही न विचारता किती जण पुन्हा बिलं पाठवतात ते मोजा. तीन असतील तर त्यांच्या कामातला जो भाग तुम्हाला रोज करून कंटाळा आला, तेवढाच आधी ॲपमध्ये घाला.

आणखी एक. पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन हे भाऊ स्ट्राइप या इंटरनेटवरून पैसे स्वीकारण्याची सोय देणाऱ्या त्यांच्या कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांत, कुणी ‘वापरून बघतो’ म्हणालं की त्याला दुवा पाठवून वाट बघत बसायचे नाहीत. ‘लॅपटॉप द्या’ म्हणून तिथल्या तिथे सगळं जोडून द्यायचे. धाकटा भाऊ तेव्हा विशीच्या आसपासचा होता. ओशाळवाणं वाटेल असं हे काम आहे, पण ‘बघतो’ म्हणणारे बहुतेक जण घरी जाऊन विसरतात, आणि शेजारी बसून जोडून देताना ते कुठे अडखळतात हेही दिसतं.

प्रश्न : संधिवाताने बोटं आखडलेल्यांना सहज उघडेल अशी गोळ्यांची डबी मी बनवली. थ्रीडी प्रिंट करून २० डब्या वाटल्या, लोक खूश होते. मग एबीएस प्लॅस्टिकसाठी साचा करून घेतला. आता डबी साच्यातून निघताना ओरखडते, तळाला खळगे पडतात, आणि झाकणाची पातळ बिजागरी आठवड्याभरात तुटते. साच्यात सगळी पुंजी गेली आहे.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण कल्पना चांगली आहे आणि वीस जणांना ती उपयोगी पडली आहे. दोष रचनेत आहे आणि त्याची तीन वेगळी कारणं आहेत.

ओरखडे : थ्रीडी प्रिंटर थरावर थर चढवतो, त्याला भिंत सरळ उभी असली तरी चालते. साच्यातून मात्र भाग ओढून काढावा लागतो. भिंतींना एक ते दोन अंशांचा उतार नसेल तर तो सगळ्या उंचीभर घासत बाहेर येतो. पृष्ठभाग खरबरीत ठेवला असेल तर उतार याहून जास्त लागतो. साचा करणाऱ्याला हा उतार पोलाद तासून देता येतो, तेव्हा हे दुरुस्त होण्यासारखं आहे.

खळगे : तळाला मजबुतीसाठी आतून दिलेल्या आडव्या पट्ट्या, म्हणजे बरगड्या, बहुधा भिंतीएवढ्याच जाड असतील. जाड जागी प्लॅस्टिक उशिरा थंड होतं, आकसताना बाहेरची कातडी आत ओढतं आणि खळगा पडतो. भिंत दोन ते तीन मिमी सगळीकडे सारखी असावी आणि बरगडी तिच्या निम्म्याच्या आसपास, ६० टक्क्यांच्या वर नको. इथे एक अडचण आहे. बरगडी पातळ करायची म्हणजे साच्यातली फट अरुंद करायची, म्हणजेच तिथे धातू वाढवायचा. पोलाद काढणं सोपं, भरणं अवघड, त्याला वेल्डिंग लागतं किंवा तुकडा बदलावा लागतो. म्हणून जिथे माप पक्कं नाही तिथे पहिल्या साच्यात धातू मुद्दाम जास्त ठेवायचा आणि चाचणीचे भाग पाहून तासत जायचं, अशी या धंद्यातली रीत आहे.

बिजागरी : एकाच तुकड्यात घडवलेली, वाकणारी पातळ बिजागरी पॉलिप्रॉपिलीन या लवचिक प्लॅस्टिकमध्ये टिकते. तिची जाडी साधारण ०.२५ ते ०.५ मिमी ठेवतात, प्लॅस्टिक तिच्यातून आडवं वाहील अशा ठिकाणाहून ते साच्यात सोडतात, आणि भाग गरम असतानाच ती दोन-चारदा वाकवतात, म्हणजे तिच्यातले रेणू एका दिशेला ओढले जातात. एबीएस असं वारंवार वाकणं सोसत नाही, त्यामुळे तुमची बिजागरी तुटणारच होती.

‘मग याच साच्यात पॉलिप्रॉपिलीन ओतू’ असं कुणी सुचवेल. थांबा. एबीएस थंड होताना सुमारे अर्धा टक्का आकसतं, पॉलिप्रॉपिलीन एक ते अडीच टक्के. १०० मिमी लांबीचा भाग अर्धा ते दोन मिलिमीटर लहान निघेल, झाकण आणि डबी एकमेकांत बसणार नाहीत. तुमच्या बाबतीत कमी खर्चाचा मार्ग असा दिसतो : प्लॅस्टिक एबीएसच ठेवा, वाकणारी बिजागरी रद्द करा, झाकण आणि डबी वेगळी घडवा आणि मध्ये दोन मिमी जाडीची पोलादी सळई घाला. भोकं सुरुवातीला यंत्रावर पाडून घ्या. भोकांसाठी साच्यात बदल नंतर करा, निदान पन्नास डब्या महिनाभर वापरून झाल्यावर.

हाच रस्ता नव्याने धरणाऱ्यांसाठी क्रम सांगतो. आधी पुठ्ठा आणि चिकटपट्टी. हाताला आकार कसा वाटतो हे एका दुपारी दहा पुठ्ठ्यांतून कळतं. मग थ्रीडी प्रिंट. सरकणाऱ्या भागांत प्रत्येक बाजूला ०.२ ते ०.३ मिमी फट ठेवा. खटका किंवा अडकवायचा आकडा उभा प्रिंट करू नका, थरांच्या जोडावर तो मोडतो, आडवा ठेवून करा. पीएलए हे प्रिंटरमधलं नेहमीचं प्लॅस्टिक ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं, उन्हातल्या बंद मोटारीत डबी वाकली तर रचनेला दोष देऊ नका. प्रिंट आणि पोलादी साचा यांच्या मध्ये एक पायरी आहे ती गाळू नका : सिलिकॉनचा साचा करून त्यात पॉलियुरेथेन हे ओतून घट्ट होणारं प्लॅस्टिक ओतायचं. एका सिलिकॉन साच्यातून वीसेक भाग निघतात आणि विकायला पुरतील इतके नेटके असतात. आणि साचा करणाऱ्याला पहिला प्रिंट काढण्याआधीच रेखाटन दाखवा. ‘हा भाग कुठे अडकेल?’ एवढंच विचारा.

प्रश्न : सुरुवात म्हणून २० टक्के सवलत दिली. विक्री वाढली, पण हातात काही उरत नाही.

विक्री किंमत १०० धरा. कच्चा माल ३८, बांधणी आणि पोचवणं १७, पैसे स्वीकारण्याचं शुल्क ३, परत आलेल्या मालाचं नुकसान ५. खर्च ६३, उरले ३७. महिन्याचा ठरलेला खर्च ७,४०० असेल तर २०० नग विकले की बरोबरी. आता २० टक्के सवलत द्या. किंमत ८०, खर्च तोच, उरले १७. त्याच ७,४०० साठी ४३५ हून जास्त नग लागतात. विक्री दीडपट झाली तरी तुम्ही तोट्यातच आहात. आणि त्या ७,४०० मध्ये स्वतःचा पगार धरला नसेल, तर तो आजच धरा. तरुण उद्योजक स्वतःचे तास फुकट समजतात, ही त्यांच्याकडून न शिकण्याची गोष्ट.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी स्वतः बनवलेलं सॉफ्टवेअर विकते. दिवसरात्र तेच. आता शिक्षण सोडायचं म्हणते. अडवलं तर तिचा उत्साह मरेल, न अडवलं तर वर्ष जाईल.

तिचा ध्यास कोणत्या जातीचा आहे ते आधी बघा. रॉबर्ट व्हॅलरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ध्यासाचे दोन प्रकार मांडले. एकात माणूस काम स्वखुशीने करतो आणि बाजूलाही ठेवू शकतो, आयुष्यातल्या इतर गोष्टींशी त्याचं भांडण होत नाही. दुसऱ्यात काम माणसाला धरून ठेवतं, ते सोडलं की अपराधी वाटतं, आणि ते बिनसलं की आपणच वाया गेलो असं वाटतं. घरी ओळखायची खूण सोपी आहे. दोन दिवस काम बंद ठेवल्यावर ती ताजीतवानी होऊन परतते, की चिडचिडी आणि अस्वस्थ होते? ग्राहकाची तक्रार आली तर ती तक्रार सोडवायला बसते, की रात्रभर रडते? दुसऱ्या प्रकारची चिन्हं दिसत असतील तर शिक्षणाचा प्रश्न मागे ठेवा, आधी झोप आणि मन सांभाळा.

शिक्षण सोडून मोठे झालेल्यांची नावं ती घेईलच. मायकल डेलचं उदाहरण तिच्यासमोर पूर्ण ठेवा. १९८४ मध्ये त्याने कंपनी नोंदवली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, आणि विद्यापीठ सोडण्याआधीच वसतिगृहाच्या खोलीतून त्याचा धंदा चालू होता. सोडलं ते चालू धंद्यासाठी.

तिच्याशी एका सत्राचा लेखी करार करा. रोज किती तास, झोप किती, परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे फक्त तक्रारी सोडवायच्या आणि नवं काही करायचं नाही. जमाखर्च तिने दर महिन्याला तुमच्यासमोर मांडायचा. तुमच्याकडून तुम्ही काय देणार तेही लिहा : त्या तासांत टोकणार नाही, कामाला ‘खेळ’ म्हणणार नाही. अठरा वर्षांखालच्यांनी केलेल्या करारांना कायद्याच्या मर्यादा असतात, तेव्हा ग्राहकांशी करार आणि बँकेचं खातं पालकांच्या नावे लागेल का हे वकिलाला विचारून घ्या.

प्रश्न : सगळे यशस्वी तरुण सांगतात, ‘हार मानू नका.’ पण आमच्या प्रयोगाला दोन वर्षं यश नाही. ही चिकाटी की आडमुठेपणा, हे ओळखायचं कसं?

दोन तरुणांचे रस्ते शेजारी ठेवून बघा.

बोयान स्लाट या नेदरलँड्समधल्या मुलाने २०१३ मध्ये, अठराव्या वर्षी, समुद्रातलं प्लॅस्टिक गोळा करायला द ओशन क्लीनअप ही संस्था सुरू केली. त्याची मूळ कल्पना अशी की वारा, लाटा आणि प्रवाह यांच्या जोरावर प्लॅस्टिक लांब तरंगत्या भिंतीच्या कुशीत आपोआप साठेल. इंधन नको, बोट नको. सप्टेंबर २०१८ मध्ये ६०० मीटर लांबीची, खाली तीन मीटरचा पडदा असलेली पहिली यंत्रणा सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली. प्रशांत महासागरात पोचल्यावर प्लॅस्टिक आत यायचं आणि पुन्हा बाहेर निसटायचं, कारण भिंत आणि प्लॅस्टिक यांच्या वेगात कायमचा फरक राहतच नव्हता. वर्षाच्या शेवटी १८ मीटरचा तुकडाच सुटला. यंत्रणा ओढत परत आणावी लागली.

पुढे त्यांनी काय केलं ते महत्त्वाचं. जून २०१९ मध्ये सुधारित यंत्रणा पाठवली, आणि तिच्यावर दोन विरुद्ध उपाय तपासले : भिंतीचा वेग वाढवणं आणि कमी करणं. पाण्यात सोडलेल्या पॅराशूटने वेग कमी केला, तेव्हा प्लॅस्टिक आत टिकू लागलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी तसं जाहीर केलं. तरीही २०२१ च्या पुढच्या यंत्रणेत त्यांनी प्लॅस्टिक आपोआप गोळा होण्याची मूळ कल्पनाच सोडली आणि दोन जहाजांनी भिंत ओढायला घेतली. शिवाय नद्यांमध्येच प्लॅस्टिक अडवणारी यंत्रं आणली. या कामावर शास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत, जहाजांच्या इंधनाबद्दल आणि समुद्री जिवांबद्दल, आणि ते गंभीर आहेत. पण तुमच्या प्रश्नापुरतं बघा : समुद्रातलं प्लॅस्टिक हा प्रश्न त्याने सोडला नाही, ज्या उपायामुळे तो जगभर गाजला तो उपाय सोडला.

एलिझाबेथ होम्सने २००३ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, थेरानोस सुरू केली. बोटातून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर शेकडो चाचण्या करायच्या, हे वचन. ते यंत्र जमलं नाही. चाचण्यांपैकी बहुतेक इतर कंपन्यांच्या नेहमीच्या यंत्रांवर होत असल्याचं २०१५ मध्ये वर्तमानपत्रातून बाहेर आलं. २०१८ मध्ये कंपनी बंद झाली, जानेवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल होम्स दोषी ठरली आणि त्याच वर्षी तिला अकरा वर्षांहून अधिक शिक्षा झाली. ध्यास तिच्याकडेही होता. पण तिने उपायाचाच हट्ट धरला, आणि तो फसतोय हे सांगणारे आकडे झाकले.

तेव्हा स्वतःला विचारा : गेल्या सहा महिन्यांत आमच्या उपायात काय बदललं, आणि कुठल्या आकड्यामुळे बदललं? दोन्हींचं उत्तर देता आलं तर ती चिकाटी आहे, आणखी सहा महिने द्या. तोच उपाय जास्त जोर लावून करत असाल, किंवा वाईट आकडा भागीदारापासून लपवावासा वाटत असेल, तर काम थांबवून आधी तो आकडा त्याच्यासमोर ठेवा.

पुढच्या प्रत्येक प्रयोगाआधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार ओळी लिहा. पहिली, आमचा अंदाज काय. दुसरी, तो खरा ठरायला कुठला आकडा किती यायला हवा. तिसरी, कुठल्या तारखेपर्यंत. चौथी, नाही आला तर काय सोडून देणार. उदाहरणार्थ : ‘ग्राहक दुसऱ्या महिन्याचे पैसेही देतील. २० पैकी ८ जणांनी द्यावेत. ३० तारखेपर्यंत. नाही दिले तर महिन्याची वर्गणी बंद, एकदाच पैसे घ्यायचे.’ एका वेळी एकच गोष्ट बदला. किंमत आणि जाहिरात एकदम बदलली तर कशामुळे काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. प्रयोग सुरू झाल्यावर दुसऱ्या ओळीतला आकडा खोडून लहान करण्याचा मोह होईल, म्हणून कागदाची एक प्रत तुमच्या धंद्यात काडीचाही रस नसलेल्या माणसाकडे द्या. तारखेच्या दिवशी त्याने फोन करून फक्त आकडा विचारायचा.